मधली दोन वर्षं

गणपती बसले की आमच्या विभागात फॉर्मचे दिवस सुरू होतात. बी.एस्सी.च्या तिसऱ्या वर्षातली मुलं आयआयटीसारख्या संस्थांत एम.एस्सी.ला प्रवेश देणाऱ्या जॅम परीक्षेचा फॉर्म भरतात, एम.एस्सी.ची मुलं तिथल्याच पुढच्या शिक्षणासाठीच्या गेटचा आणि पुढे संशोधन फेलोशिप व प्राध्यापकपदाची पात्रता ठरवणाऱ्या नेटचा. विज्ञान अकादम्यांच्या उन्हाळी संशोधन फेलोशिपचा अर्ज दिवाळीच्या मागेपुढे येतो. कुणी अमेरिकेचा विचार करत असेल, तर तिथल्या बहुतेक विद्यापीठांची मुदत डिसेंबरात संपते. रसायनशास्त्रात पुढे जायचं म्हणणाऱ्या मुलाचं पुढच्या पाच-सात वर्षांचं या चार महिन्यांत ठरतं. सातारा-सांगलीकडच्या शेतकऱ्याच्या घरात रोकड नसते तीही नेमकी याच महिन्यांत. ऊस शिवारात उभा असतो, कारखान्याच्या गव्हाणीत मोळी पडायची असते. हळद जमिनीत असते. ती निघून, शिजून, वाळून सांगलीच्या मार्केट यार्डात पोचेपर्यंत होळी येते. सोयाबीनचे चार पैसे हातात येतात, पण ते खताच्या उधारीत वळते होतात.

फॉर्मची फी म्हटली तर हजार-दोन हजारांच्या घरात. गेट आणि जॅमला मुलींना आणि राखीव प्रवर्गातल्या काही मुलांना फी निम्मी असते, तेवढा आधार आहे. पण दोन-तीन फॉर्म, कागदपत्रांची धावपळ, केंद्र पुण्याला किंवा कोल्हापूरला आलं तर एसटीचं भाडं आणि एका रात्रीचा मुक्काम असं सगळं धरलं, की मुलाचं महिन्याचं मेसचं बिल उभं राहतं. मी साताऱ्यात पदव्युत्तर वर्गाला सेंद्रिय रसायनशास्त्र शिकवते. जवळजवळ प्रत्येक बॅचमध्ये एखादा चांगला तयारीचा मुलगा ऐनवेळी फॉर्म भरत नाही. विचारलं तर खाली बघून म्हणतो, ‘अभ्यास झाला नाही मॅडम.’ पैसे नव्हते, असं तो कधीच सांगत नाही.

शिष्यवृत्तीचा विषय निघाला की सगळे आधी रक्कम विचारतात. इतकी वर्षं मुलांबरोबर राहून माझं मत असं झालंय, की रकमेच्या आधी तारीख विचारावी. पैसे कधी मिळणार? दर महिन्याला मिळणार, की वर्षाने एकदम? शिक्षण चालू असताना मिळणार, की ते संपल्यावर?

रकमा तशा कमी नाहीत. बारावीला बोर्डाच्या पहिल्या एक टक्क्यात येऊन मूलभूत विज्ञानाला प्रवेश घेणाऱ्यांसाठी केंद्राची इन्स्पायर शिष्यवृत्ती आहे. २००८ साली इन्स्पायर सुरू झाली. वर्षाला ८०,००० रुपये. त्यातले ६०,००० विद्यार्थ्याच्या हातात आणि २०,००० उन्हाळी संशोधन प्रकल्पासाठी, बी.एस्सी.पासून एम.एस्सी.पर्यंत जास्तीत जास्त पाच वर्षं. खेड्यातल्या मुलाला एवढ्यात कॉलेज, खोली, मेस सगळं भागवता येतं. अडचण अशी, की बारावीला असे मार्क पडलेलं घर तेव्हा नीटच्या नाहीतर जेईईच्या मागे असतं. तिकडे जमलं नाही म्हणून मूल बी.एस्सी.ला येतं, थोडं हिरमुसलेलं असतं, आणि आपण एखाद्या शिष्यवृत्तीला पात्र आहोत हे त्याला कुणी सांगितलेलंच नसतं. म्हणून प्रथम वर्षाच्या पहिल्या आठवड्यात मी वर्गात जाऊन बारावीची मार्कलिस्ट काढायला लावते. याशिवाय प्रवर्ग आणि उत्पन्न बघून राज्य सरकारच्या महाडीबीटी पोर्टलवरून मिळणाऱ्या शुल्क शिष्यवृत्त्या आहेत. त्या बहुतेकांना माहीत असतात, कारण प्रवेशाच्या खिडकीवरच त्यांचं नाव कानावर पडतं.

हे झालं अलीकडचं टोक. पलीकडच्या टोकाला नेटमधली जेआरएफ, म्हणजे पीएच.डी. करताना मिळणारी कनिष्ठ संशोधन फेलोशिप उभी आहे. १ जानेवारी २०२३ पासून पहिली दोन वर्षं महिना ३७,००० रुपये, त्यानंतर महिना ४२,०००, वर घरभाडे भत्ता आणि प्रयोगशाळेतल्या किरकोळ खर्चाला वर्षाला २०,०००. विद्यापीठात एम.एस्सी.ला पहिला आलेल्याला इन्स्पायर फेलोशिप याच दराने मिळू शकते. पंतप्रधान संशोधन फेलोशिप तर महिना ७०,००० पासून सुरू होऊन ८०,००० पर्यंत गेली. माझ्या कितीतरी विद्यार्थ्यांच्या घरी सगळ्यांची मिळून एवढी कमाई नसते. जेआरएफ लागलेला मुलगा पहिल्या फेलोशिपमधून घरावर पत्रा घालतो, बहिणीची फी भरतो. हे मी बघितलंय आणि त्याचा मला फार अभिमान आहे.

या दोन टोकांच्या मध्ये काय आहे?

एम.एस्सी.ची दोन वर्षं, त्यातही विशेषतः दुसरं. मग निकाल लागल्यापासून नेट निघेपर्यंतचा काळ, जो कुणाचा सहा महिन्यांचा असतो आणि कुणाचा दोन वर्षांचा. इन्स्पायरवाला मुलगा असेल तर त्याची शिष्यवृत्ती एम.एस्सी.बरोबर संपलेली असते. जेआरएफ अजून लागलेली नसते. महाडीबीटीला तो आता विद्यार्थीच नसतो. कॉलेजचं ओळखपत्र संपलेलं, वसतिगृह सुटलेलं, आणि सरकारदरबारी तो कुणीच नाही असा हा काळ. रसायनशास्त्रातली आमची सगळ्यात जास्त मुलं इथे गळतात. ती नापास होत नाहीत, पण पुढेही जात नाहीत.

आता कुणी म्हणेल, या काळात मुलांनी काम करावं. करतातच. पण रसायनशास्त्राचं वेळापत्रक दुसऱ्या कामाला जागा देत नाही, हे बाहेरून कळत नाही. दुसऱ्या वर्षाच्या प्रकल्पासाठी एका मुलीने वाळवा तालुक्यातल्या आपल्या घरची हळद आणली होती. राजापुरी, दळलेली, डबा उघडला तर प्रयोगशाळाभर वास. तिने अर्क काढला, मिश्रणातले घटक वेगळे करून दाखवणाऱ्या टीएलसीच्या प्लेटवर सुईएवढ्या नळीने ठिपका दिला आणि प्लेट क्लोरोफॉर्म-मिथेनॉलमध्ये उभी केली. द्रावक वर चढत गेला तसे एका पिवळ्या ठिपक्याचे तीन झाले. सगळ्यात वर हळदीला पिवळा रंग देणारं कर्क्युमिन, त्याखाली आणि त्याच्याही खाली त्याची दोन भावंडं. आयुष्यभर जी हळद एकच समजून भाजीत टाकली, ती डोळ्यांसमोर तीन जागी वेगळी झालेली पाहून ती हरखून गेली.

प्लेटवर दहा-पंधरा मिनिटांत दिसलेलं हे कॉलमवर करायला दिवस जातो. काचेच्या उभ्या नळीत सिलिकाचा लगदा एकसारखा बसवायचा, मध्ये हवेचा बुडबुडा राहू द्यायचा नाही. वर अर्क चढवायचा आणि खाली परीक्षानळ्यांमागे परीक्षानळ्या लावत बसायचं. कॉलम कोरडा पडला की त्याला तडे जातात आणि सगळं पाणी फिरतं. म्हणजे एकदा सुरू केला, की तो संपेपर्यंत जागचं हलता येत नाही. दुपारी चारला शिकवणी घ्यायची आहे किंवा दुकानात उभं राहायचं आहे, म्हणून कॉलम थांबत नाही. त्यात पदरचा खर्च असतोच. रेणूची रचना ओळखायला लागणारा एनएमआर कॉलेजात नसतो. नमुना बाहेर पाठवावा लागतो आणि दर नमुन्यामागे पैसे मोजावे लागतात. मुलं वर्गणी काढून नमुने पाठवतात. त्यातला एखादा नमुना अशुद्ध निघाला, तर दुसऱ्यांदा पाठवायचा की नाही यावर कुजबुज चालते. पैसे वाचवायचे म्हणून ‘हेच असेल’ असं मानून पुढे जायची सवय विद्यार्थिदशेतच लागावी, याचं मला वाईट वाटतं. शास्त्र शिकताना लागू नये अशी ती सवय आहे.

हळदवाल्या मुलीचे वडील एकदा भेटायला आले होते. चप्पल बाहेर काढून विभागात आले. ‘मॅडम, पोरगी हुशार हाय, त्ये तुमी सांगायला नगं. पन अजून किती वर्सं? आनि पगार कवा चालू हुनार?’ त्यांच्या प्रश्नात खोट काढण्यासारखं काही नव्हतं. मी त्यांना जेआरएफचं सांगितलं, आकडा सांगितला. त्यांनी मान हलवली आणि विचारलं, ‘तवर?’ त्या ‘तवर’ला आपल्या व्यवस्थेकडे उत्तर नाही.

तिने नेटचा फॉर्म भरला होता तो जून २०२४ च्या परीक्षेचा. परीक्षा अगदी तोंडावर आली असताना पुढे ढकलली गेली आणि ती झाली जुलैअखेरीस. मोठ्या शहरात घरी राहून अभ्यास करणाऱ्याला एक महिना जास्तीचा मिळाला. हिला मात्र जूनअखेर सोडायची ठरलेली खोली आणखी एक महिना ठेवावी लागली. त्याच परीक्षेपासून निकालाच्या तीन पायऱ्या झाल्या: वर जेआरएफ, त्याखाली सहायक प्राध्यापकपद आणि पीएच.डी. प्रवेश, त्याखाली फक्त पीएच.डी. प्रवेश. या तिसऱ्या पायरीचं स्वागत झालं आणि ते ठीकच आहे, प्रवेशाचं दार रुंद झालं. मात्र जेआरएफची रक्कम पहिल्या पायरीलाच आहे. हिची जेआरएफ थोडक्यात हुकली, प्रवेशाची पात्रता आली. दार उघडलं, पण आत राहायचं कशावर? आज ती एका औषध कंपनीत गुणवत्ता नियंत्रण विभागात आहे, दिवसपाळी-रातपाळी औषधातले घटक तपासणाऱ्या एचपीएलसी यंत्रावर नमुने लावते. काम चोख करते, घराला तिचा हातभार आहे. पुन्हा परीक्षेला बसायचं तिच्या मनात आहे. रातपाळी करून आल्यावर आण्विक कक्षकांचा अभ्यास कसा होतो ते मला माहीत नाही, आणि तिला ते विचारायचा धीर मला होत नाही.

राज्यात बार्टी, सारथी, महाज्योती या संस्था पीएच.डी. करणाऱ्यांना फेलोशिप देतात. जेआरएफ नसलेल्या कितीतरी मुलांना त्यांचा मोठा आधार झाला आहे; ग्रामीण भागातून पीएच.डी.ला आलेली पहिली पिढी त्यांच्यामुळे टिकली. अशी कुठलीही फेलोशिप लागली की आम्ही पेढे वाटतो. पुढे हप्ता येईपर्यंत मूल कशावर जगतं, ते मात्र मार्गदर्शकालाच माहीत. माझ्या ओळखीच्या एका मुलाचे फेलोशिपचे पैसे कितीतरी महिने रखडले आणि मग एकरकमी आले. मोठी रक्कम होती. तोवर त्याने मित्रांकडून उसने घेतले होते, आईने बचत गटातून कर्ज काढलं होतं. आलेले पैसे आल्या पावली फेडण्यात गेले. कागदावर त्याला फेलोशिप पूर्ण मिळाली, पण जेवणाच्या वेळी जेवण मिळालं नाही.

साताऱ्यात राहणाऱ्याला हे कळायला जड जाऊ नये, कारण या गावाने ते शंभर वर्षांपूर्वी करून दाखवलं आहे. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली कराडजवळच्या काले गावात रयत शिक्षण संस्था सुरू केली आणि १९२४ मध्ये साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांसाठी बोर्डिंग काढलं. १९२७ मध्ये गांधीजी साताऱ्यात आले तेव्हा त्याला छत्रपती शाहूंचं नाव दिलं गेलं. हे बोर्डिंग जिथे होतं त्या धनिणीच्या बागेवरून जाताना आजही मला आठवतात त्या भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई. बोर्डिंगातल्या मुलांसाठी त्यांचे दागिने एकेक करून गेले. एकदा कोठीत धान्य उरलं नाही तेव्हा त्यांनी गळ्यातलं मंगळसूत्रही काढून दिलं. ही गोष्ट इथल्या प्रत्येक शाळेत सांगतात, ती त्यागाची म्हणून. मला तिच्यात आणखी एक गोष्ट दिसते. मुलं भुकेली होती त्या दिवशी त्यांनी ते दिलं. मंजुरी यायची वाट पाहिली नाही, पुढच्या महिन्यावर ढकललं नाही. कमवा आणि शिका योजनेतही हाच विचार आहे: आज केलेल्या कामाचं मोल आजच्या शिक्षणाला मिळावं. या योजनेत सकाळी बागेत काम करून दहाला वर्गात येणारी मुलं मी बघते. पण ती विद्यार्थ्यांसाठी आहे, आणि मघाशी सांगितलेल्या मधल्या काळात आमचं मूल विद्यार्थीही नसतं.

डॉ. रघुनाथ माशेलकरांनी आपल्या भाषणांतून कितीदा तरी सांगितलंय, की शालान्त परीक्षेत राज्यात वरच्या क्रमांकाने पास होऊनही शिक्षण सोडायची वेळ आली होती, आणि सर दोराबजी टाटा ट्रस्टच्या महिना ६० रुपयांवर ते पुढे शिकले. त्यातूनच मुंबईच्या रासायनिक तंत्रज्ञान विभागातून ते केमिकल इंजिनियर झाले, तिथेच पीएच.डी. केली, पुढे पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे संचालक आणि देशातल्या अशा प्रयोगशाळा चालवणाऱ्या सीएसआयआरचे महासंचालक झाले. साठ रुपये तेव्हाही फार मोठी रक्कम नव्हती. ती दर महिन्याला येत होती, पदवी हातात पडेपर्यंत येत राहिली, आणि पुढच्या महिन्याची चिंता त्या मुलाच्या डोक्यातून काढून टाकत होती. मी वर्गात हे सांगते तेव्हा मुलं क्रमांकाने दिपून जातात. मला त्यांचं लक्ष ‘दर महिन्याला’ या शब्दांकडे वळवायचं असतं.

परदेशाबद्दल थोडं सांगायलाच हवं, कारण तिथल्या पैशांबद्दल आमच्याकडे चुकीची समजूत घट्ट बसली आहे. नात्यातला कुणीतरी इंजिनियर एम.एस.ला गेलेला असतो, त्याने तीस-चाळीस लाखांचं कर्ज काढलेलं असतं. त्यामुळे अमेरिका म्हटलं की जमिनीचा सातबारा बँकेत, असंच चित्र घराघरात आहे. रसायनशास्त्राच्या पीएच.डी.चं तसं नसतं. तिथल्या बहुतेक चांगल्या विभागांत प्रवेशाबरोबरच शिकवणी-सहायक किंवा संशोधन-सहायक म्हणून काम मिळतं. फी माफ होते आणि महिन्याला राहण्याजेवण्यापुरते पैसे मिळतात. वेगळी शिष्यवृत्ती शोधत बसावं लागत नाही. जर्मनीत पीएच.डी.चा विद्यार्थी बऱ्याचदा पगारी नोकरच असतो. दक्षिण कोरियात प्राध्यापकाच्या प्रकल्पातून मानधन मिळतं, आणि आमच्या शिवाजी विद्यापीठाच्या परिसरातून तिकडे गेलेल्या मुलांची आता चांगली साखळी झाली आहे. एक जण दुसऱ्याला बोलावून घेतो. मोठी रक्कम लागतच नाही. अडतं ते अर्जाच्या फीपाशी. एका अमेरिकन विद्यापीठाची ती बऱ्याचदा ७५ ते १०० डॉलरच्या दरम्यान असते. पाच ठिकाणी अर्ज करायचा आणि इंग्रजीची परीक्षा द्यायची, तर आकडा पन्नास हजारांवर जातो. पाच वर्षांचा सगळा खर्च तिकडचं विद्यापीठ उचलायला तयार असतं आणि मूल अडकतं या पन्नास हजारांवर, तेही ऑक्टोबर-नोव्हेंबरात, ऊस उभा असताना. काही विद्यापीठं विनंती केली तर फी माफ करतात. तसं पत्र लिहायला मी प्रत्येकाला बसवते. नकार आला तर काहीच गेलं नाही.

देशातही वेळेवर पैसे सुरू होण्याचे मार्ग आहेत आणि ते कमी माहीत आहेत. बी.एस्सी.नंतर जॅम देऊन बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत किंवा पुण्याच्या आयसर या विज्ञान संशोधन संस्थेमध्ये इंटिग्रेटेड, म्हणजे एम.एस्सी.सह सलग पीएच.डी.ला गेलं, तर पहिल्या वर्षापासूनच विद्यावेतन मिळतं. मधली दोन वर्षं तिथे रिकामी राहतच नाहीत. म्हणून तिसऱ्या वर्षाच्या मुलांना मी जॅमसाठी इतकी मागे लागते, की ती मला चुकवतात.

जून-जुलैत आपल्याकडे गावोगाव गुणगौरव समारंभ होतात. पतसंस्था, कारखाने, मंडळं, तालमी सगळे करतात. शाल, श्रीफळ, ट्रॉफी, फ्लेक्स, पाहुण्यांचं भाषण. हौसेने करतात आणि मुलांच्या आईवडिलांना तो दिवस जन्मभर आठवतो, म्हणून ते बंद करा असं मी म्हणणार नाही. माझी विनंती एवढीच आहे, की त्याच यादीतल्या मुलाला सप्टेंबरमध्ये पुन्हा एकदा फोन करा. कुठला फॉर्म भरतोयस, फी भरलीस का, केंद्र कुठं आलंय, एवढं विचारा. त्या दिवशीचे दोन हजार हे जूनमधल्या पाच हजारांपेक्षा जास्त कामाचे आहेत.

आमच्या विभागात आता हे लहान प्रमाणावर सुरू झालंय. हैदराबादच्या औषध कंपन्यांत असलेले काही माजी विद्यार्थी आणि कोरियातले दोघे मिळून दर ऑगस्टला पैसे पाठवतात. उत्पन्नाचा दाखला मागायचा नाही, अर्ज लिहून घ्यायचा नाही, असं त्यांचंच म्हणणं पडलं. कारण अर्ज लिहायला लागला की ज्याला खरंच गरज आहे तोच मागे सरतो, हे त्यांना स्वतःवरून माहीत आहे. फॉर्म भरताना आमचे एक सहकारी शेजारी बसतात आणि फीचं पान आलं की पैसे भरून टाकतात. एनएमआरच्या दुसऱ्या नमुन्याचे पैसेही याच निधीतून जातात. निकाल लागून गेलेल्या दोन मुलांचं मेसचं बिल या वर्षी आम्ही परस्पर मेसवाल्या मावशींना दिलं.

सुटलेलं नाही ते मुलींच्या राहण्याचं. मुलगे चौघांत एक खोली घेऊन कुठेही राहतात. मुलगी एम.एस्सी. संपली की वसतिगृहातून बाहेर पडते, एकटीला खोली परवडत नाही आणि घरचे एकटीला ठेवायला तयार नसतात. मग ती गावी जाते. गावी गेली की पाहुणे येऊ लागतात, आणि नेटची पुस्तकं पेटीत जातात. सदरबझार, गोडोली, शाहूपुरी भागात कितीतरी घरांचे वरचे मजले रिकामे आहेत. मुलं पुण्यात, परदेशात असतात आणि खाली आजी-आजोबा दोघंच राहतात. अशा एखाद्या घरात नेटचा अभ्यास करणाऱ्या दोन मुलींना वर्षभर राहता आलं तर त्यांचं भाडं द्यायला आमचा निधी पुरेल. हे वाचणाऱ्या कुणाचं साताऱ्यात असं घर असेल तर कॉलेजमध्ये रसायनशास्त्र विभागात येऊन भेटा. जूनच्या आत ठरलं तर बरं होईल, कारण वसतिगृहाच्या खोल्या तेव्हाच रिकाम्या करून घेतात.